प्रकरण मिटले, असे कोणी म्हणावे?

उजनीचे पाणी फार ओसरले, की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर जलाशयातून वर येते. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले, गावे उठली, नवी गावठाणे वसली आणि सरकारदरबारी तो विषय केव्हाच संपला. तरीही माणूस जिथे राहिला, तिथली माती त्याच्या खुणा सहजासहजी टाकून देत नाही, हे ते मंदिर पाहताना उमगते.

सगळ्याच खुणा मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. समजा, पुणे-सोलापूर महामार्गालगत एके काळी एक चाळ होती. तिच्या मागच्या अंगणात ट्रकदुरुस्तीचे गॅरेज चाले, डिझेलची पिंपे ठेवलेली असत आणि जळके ऑइल कोपऱ्यातल्या खड्ड्यात ओतले जाई. चाळ पडली, भाडेकरू पांगले, मालकही वारला. आता तिथे नवी घरे व्हायची आहेत. पाया खणताना काळपट माती निघते आणि तिला रॉकेलचा दर्प येतो. अशा वेळी कोणी, काय आणि किती करावे? आणि ‘आता पुरे झाले’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? हा प्रश्न वरकरणी अभियंत्यांचा वाटतो. माझ्या मते तो आधी नीतीचा आहे. आपल्या देशात तो केवळ कल्पनेतलाही नाही. २०१३ साली चेन्नईच्या तोंडियारपेट भागात काही घरांच्या कूपनलिकांतून पेट्रोलमिश्रित पाणी येऊ लागले होते.

बारामतीच्या मातीने या बाबतीत एक धडा पूर्वीच दिला आहे. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला. पाणी आले, ऊस आला. आणि काही वर्षांतच चांगल्या जमिनींवर पांढरे क्षार फुटू लागले. १९१० साली हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला. क्षार पृष्ठभागावर दिसत. पण दुखणे होते जमिनीखाली चढलेल्या पाण्यात. वरचा पांढरा थर खरवडून जमीन सुधारणारी नव्हती. तिला चर हवे होते, निचरा हवा होता.

तेलाचेही असेच आहे. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, त्यांतून ते खाली मुरमात आणि फुटक्या कातळात उतरते. पाण्यापेक्षा हलके असल्याने ते भूजलावर तरंगते आणि पाण्याच्या पातळीबरोबर खालीवर होत मातीचा नवा थर माखत राहते. बेंझीनसारखा कर्ककारक अंश पाण्यात विरघळून शेजारच्या विहिरीकडे वाहतो. कालव्याचे आवर्तन सुटले, की आपल्या विहिरींची पातळी बदलते, हे बारामतीच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणूनच एका ऋतूत एकदाच घेतलेल्या नमुन्यावर निर्दोषत्वाचा दाखला देणे म्हणजे आपल्याला हवे तेच उत्तर मिळेल, असा दिवस निवडणे होय.

मग सगळी माती उकरून दूर नेऊन टाकावी काय? शुद्धतेचा हा हट्ट सात्त्विक वाटतो. पण ‘दूर’ म्हणजे कोणाच्या तरी दारात. भोपाळच्या कारखान्यातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत पीथमपूरला हलवण्यात आला, तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले. एका गावाचे ओझे उतरताना ते दुसऱ्याच्या डोक्यावर चढत असेल, तर त्याला प्रायश्चित्त म्हणता येणार नाही.

निसर्गाने एक वाट ठेवली आहे. हवा, ओल आणि नत्र मिळाले, तर मातीतील जिवाणू डिझेलसारखे तेल हळूहळू खाऊन टाकतात. तेव्हा काही ठिकाणी वाट पाहणे हाही उपचारच असतो. पण इथेच मन फसते. धीर आणि हलगर्जी बाहेरून अगदी सारखीच दिसतात. दोन्हींत माणूस काहीच करताना दिसत नाही. फरक इतकाच, की धीर धरणारा ठरल्या वेळी येऊन पाणी तपासतो, मोजमाप लिहून ठेवतो, आणि आपले अनुमान चुकले तर पुन्हा कुदळ हाती घेण्यास तयार असतो.

दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम आपल्या देशात २०२५ च्या जुलैमध्ये आले. ज्याने माती बिघडवली त्याने खर्च सोसावा, हे तत्त्व त्यांत आहे. त्या वेळी देशात अशी १०३ स्थळे निश्चित झाली होती आणि जेमतेम ७ ठिकाणी शुद्धीकरण सुरू झाले होते. चाळीमागच्या खड्ड्यापर्यंत कायद्याची नजर पोहोचायला वेळ लागेल. तोवर आपली सदसद्विवेकबुद्धी काय सांगते?

मला वाटते, प्रकरण मिटवणे आणि विसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मातीतला शेवटचा थेंब काढणे बहुधा शक्य नसते. तसा आग्रह धरला, तर कोणतेही काम कधीच संपणार नाही आणि घराची वाट पाहणारी कुटुंबे उघड्यावर राहतील. कुठेतरी ‘पुरे’ म्हणावेच लागते. मात्र ते म्हणताना काय उरले, किती खोल उरले आणि कोणत्या विहिरीचे पाणी पिऊ नये, हे लिहून ठेवले पाहिजे. बँकेचे कर्ज सातबाऱ्यावर बोजा म्हणून चढते आणि जमीन विकत घेणाऱ्याला ते आधी कळते. जमिनीत मुरलेल्या विषाचाही बोजा असाच लिहिला जावा. कर्ज बुडाले तर बँकेचे पैसे जातात. हे लपवले तर एखाद्या मुलाचे आरोग्य जाईल.

ते मूल आज सही करणाऱ्याच्या समोर बसलेले नसते. कदाचित ते अजून जन्मलेलेही नसेल. त्याच्या वतीने ‘पुरे’ म्हणायचे असेल, तर सही करणाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या विहिरीचे पाणी मी माझ्या घरच्यांना पाजीन काय? उत्तर देताना जीभ अडखळली, तर फाईल उघडीच ठेवावी.