जर्नलवर सही मिळणार नाही

जर्नलं उचला आणि घेऊन जा.

पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन, तीन रीडिंगं, तिन्ही ९.८७ आणि कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंगसुद्धा ९.८७! ब्युरेट कधी डोळ्यांसमोर धरलीत का रे? तिच्यावरचा सगळ्यात लहान भाग ०.१ मिलिलिटरचा. मग शेवटचा सात कुठून आला? एकाने ठोकून दिला आणि मागच्या दोन बाकांनी इमानेइतबारे उतरवला. कॉपी करायलाही थोडी अक्कल लागते.

वर तोंड करून सांगता, ‘सर, हे क्लासमध्ये झालंय.’ क्लासमध्ये गणित झालंय. दोन परमँगनेटला पाच ऑक्झलेट, हे तुम्ही झोपेतही घोकाल. पण ऑक्झॅलिक ॲसिड ६०-७० अंशांपर्यंत का तापवायचं आणि मोहर्स सॉल्ट का तापवायचं नाही, एवढं विचारलं तर सगळ्यांच्या माना खाली! थंड ऑक्झलेटशी परमँगनेटची क्रिया रेंगाळत होते, म्हणून तापवायचं. मोहर्स सॉल्टमधलं फेरस मात्र तापवलंत तर हवेनेच फेरिक होऊ लागेल. मग टायट्रेशन कशाचं करणार, कपाळाचं?

परवा एका शहाण्याने सल्फ्युरिक ॲसिड संपलं म्हणून खुशाल हायड्रोक्लोरिक ओतलं. ॲसिड ते ॲसिड, काय फरक पडतो, असं त्याचं म्हणणं. फरक हा पडतो, की परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचाच क्लोरीन करायला लागतं आणि रीडिंग फुगतं. नायट्रिकही चालत नाही. का, ते उद्या मला तुम्ही सांगायचं.

फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळ दिसलं की लगेच ‘सर, केमिकल खराब आहे.’ केमिकलला नावं ठेवू नका. ॲसिड कमी घातलंत, नाहीतर घाईने ब्युरेट सोडलीत, म्हणून मँगनीज डायऑक्साइड झालं. एका थेंबाने फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला की हात थांबला पाहिजे. तुमच्यातल्या निम्म्यांच्या फ्लास्कमध्ये बीटाचं सरबत होतं!

प्रॅक्टिकलचे ३० मार्क कॉलेज देतंच, या भ्रमात राहू नका. निदान माझ्या हातून ते फुकट सुटणार नाहीत.

उद्या सकाळी साडेसातला लॅबमध्ये या, ॲप्रन घालून. द्रावण गडद आहे, तेव्हा ब्युरेटमध्ये वरची कड वाचायची. आणि क्लासला आजच कळवा, पोरं उशिरा येतील म्हणून.