आजचं चिंतन: 'अभय' सगळ्यात आधी का?



गीतेचा सोळावा अध्याय दैवी गुणांच्या यादीने सुरू होतो आणि यादीतला पहिला गुण आहे अभय. दान, सत्य, अहिंसा, दया सगळे त्याच्या मागे. असं का, हा माझा जुना प्रश्न. शनिवारी रात्री 'हॉटेल रवांडा' (२००४) पाहिला आणि तो पुन्हा समोर आला.

१९९४ साली रवांडात साधारण शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी. रेडिओवरून त्यांना झुरळं म्हटलं जात होतं. शेजारीच शेजाऱ्यावर उठले. राजधानी किगालीतल्या एका मोठ्या हॉटेलचा मॅनेजर पॉल रुसेसाबागिना हुतू, त्याची बायको तुत्सी.

सिनेमात सुरुवातीला पॉल अजिबात हीरो नाही. सैनिक शेजाऱ्याला मारत घेऊन जातात आणि तो नुसता बघत राहतो. बायको म्हणते, काहीतरी करा. पण त्याचा हिशोब सरळ आहे: मोठ्या लोकांच्या ओळखी जपल्या त्या घरच्यांसाठी, आणि शेजारी काही घरचा नाही.

इथे मी सिनेमा थांबवला. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका भाडेकरू कुटुंबाबद्दल अफवा फिरली, केवळ त्यांच्या आडनावावरून. ती खोटी आहे हे मला पक्कं माहीत होतं. मी काय केलं? ग्रुप म्यूट केला. दोन महिन्यांत ते लोक घर सोडून गेले. हिशोब माझाही तोच होता.

पुढे पॉलच्या हॉटेलात बाराशेच्या वर माणसं आसरा घेतात. त्याच्याकडे बंदूक नाही. फोन, दारूच्या बाटल्या, लाच, गोड बोलणं, म्हणजे मॅनेजरची रोजचीच हत्यारं. भीती तर भरपूर. प्रेतांनी भरलेल्या रस्त्यावरून परतल्यावर त्याला साधा टाय बांधता येत नाही, तो रडत खाली बसतो. तरीही सुटकेचा ट्रक आल्यावर बायकामुलांना चढवतो आणि स्वतः मागे राहतो.

खऱ्या पॉलबद्दल वाद आहेत. त्याच हॉटेलात वाचलेल्या काहींना सिनेमातली गोष्ट मान्य नाही. म्हणून माझा नमस्कार माणसाला नाही, त्या मागे राहण्याला.

आता मला वाटतं, अभय पहिलं आहे कारण भीती आपल्याभोवती कुंपण घालते. मग दया असते, पण घरच्यांपुरती. सत्य असतं, पण स्वतःच्या मनात. बाकीचे सगळे गुण असूनही कुंपणाच्या आतच राहतात. भीती जाईल तेव्हा जाईल. कुंपण एका शेजाऱ्याएवढं तरी सरकवता येतं.

काल तो ग्रुप मी पुन्हा सुरू केला. गेलेल्या कुटुंबाला त्याचा काही उपयोग नाही, हे कळतंय. पण पुढची अफवा येईल तेव्हा मी तिथे असेन आणि 'हे खोटं आहे' एवढे तीन शब्द नक्की लिहीन.

तुमच्या फोनमध्ये असा म्यूट केलेला ग्रुप कुठला आहे?

राम कृष्ण हरी.