शर्यत कागदावरची नव्हती

लिनक्स कर्नलमधली ‘डर्टी काऊ’ ही चूक ऑक्टोबर 2016मध्ये दुरुस्त झाली. दुरुस्तीसोबत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जे लिहून ठेवले, ते मला दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे वाटते. हीच चूक बुजवायचा प्रयत्न त्यांनी त्याच्या अकरा वर्षे आधी एकदा केला होता; पण एस-390 या मेनफ्रेम यंत्रांवर अडचणी आल्या म्हणून तो बदल मागे घेतला गेला. तेव्हा ही शर्यत, म्हणजे दोन थ्रेडपैकी आधी कोण पोहोचतो यावर निकाल ठरणे, निव्वळ कागदावरची होती, असे त्यांनी लिहिले.

फाइल फक्त वाचायची परवानगी असली, तरी प्रोग्रामला मेमरीतल्या तिच्या खासगी प्रतीवर लिहिता येते. लिहायची वेळ आली की कर्नल मूळ पानाची प्रत काढायचा, ‘लिहायचे आहे’ ही खूण पुसायचा आणि पान पुन्हा शोधायला जायचा. प्रत झालीच आहे, मग खूण कशाला, हा त्यामागचा हिशेब. नेमक्या त्या फटीत दुसऱ्या थ्रेडने प्रत टाकून द्यायला सांगितले, की पहिल्याच्या हाती मूळ पान लागायचे आणि लिखाण थेट त्यावर व्हायचे. साधा वापरकर्ता रूटच्या मालकीची फाइल बदलू शकायचा. लॉक नव्हते असे नाही. होते, पण वाचकांचे. दोघांनाही एकाच वेळी आत घेणारे.

अशा चुकीवर ‘प्रत्यक्षात कुठे घडतंय’ हे उत्तर मला मुळीच पटत नाही. तो त्या दिवसाच्या यंत्राचा हिशेब असतो. पुढे कर्नलचे मेमरी सांभाळणारे कामच अधिक समांतर चालू लागले आणि ही शर्यत घडवणे सोपे झाले. शिवाय हल्लेखोर योगायोगाची वाट बघत बसत नाही. तो दोन्ही थ्रेड लूपमध्ये सोडून देतो. त्याला एकदाच जिंकायचे असते.

म्हणूनच 2016च्या दुरुस्तीने फट अरुंद करण्याचा खटाटोप केला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. लिहिण्याची खूण पुसणे बंद झाले. प्रत निघाल्याची वेगळी नोंद आली, आणि हाती आलेल्या पानावर लिखाण झाल्याची खूण असेल तरच पुढे जायचे, असे ठरले. प्रत मधेच गेली, तर ती पुन्हा काढली जाते.

ही तपासणी ‘लिखाण झाले’ या एका खुणेच्या भरवशावर होती. मोठ्या आकाराच्या पानांच्या वाटेवर नुसते वाचतानाही ती खूण लागू शकत होती, त्यामुळे तिथे चूक शिल्लक राहिली. ती चूक 2017च्या अखेरीस दूर झाली: लिहायचेच असेल, तरच खूण लावायची.