स्वयंपाकघरातील रेषा

घरी बसून एखाद्या चित्रकाराने वहीच्या पानाएवढ्या कागदावर बारीक रेषांचे चित्र काढले, की त्याला ‘विरंगुळा’ म्हणण्याची सर्रास पद्धत आहे. हा शब्द कौतुकाने वापरला जात असला, तरी खरे काम निराळे आणि हे निराळे, असा निवाडा त्यात दडलेला असतो.

या निवाड्याची मुळे जुनी आहेत. सतराव्या शतकातील फ्रेंच अकादमीने चित्रविषयांची उतरंड लावली, तिच्या शिखरावर इतिहास-पुराणांतील भव्य प्रसंग बसवले आणि रेखाटनाला, म्हणजे रंगांवाचून केवळ रेषेने केलेल्या कामाला, शिक्षणाचा पाया मानले. पण पाया म्हटला की तो जमिनीखालीच राहायचा. या मताला ‘लहान’ आणि ‘अपुरे’ यांतील भेद कळलेला नाही. कच्चा आराखडा अपुरा असतो, कारण त्याची पूर्तता दुसऱ्या चित्रात व्हायची असते. लहान रेखाटन मात्र स्वतःच्या चौकटीतच पुरे होते.

चित्रकार पॉल क्ले (१८७९–१९४०) यांचे उदाहरण येथे बोलके आहे. १९०६ मध्ये विवाहानंतर ते म्युनिकला स्थायिक झाले. पत्नी लिली पियानोच्या शिकवण्या करून संसाराला हातभार लावीत, तर क्ले स्वयंपाक करीत, १९०७ मध्ये जन्मलेल्या मुलाला, फेलिक्सला, सांभाळीत आणि स्वयंपाकघरातच चित्रे काढीत. जागेच्या अडचणीमुळे चित्रे लहान राहिली, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु पुढे बाउहाउस या कलाशाळेत स्वतंत्र स्टुडिओ मिळाल्यावरही त्यांची बहुतेक कामे लहानच राहिली, तेव्हा अडचणीतून आलेला आकार त्यांनी आपलासा केला, असेच म्हणावे लागते.

त्या आकारात सुख कोणते, हे हाताच्या हालचालीवरून उमगते. भव्य चित्रासाठी खांद्यापासून हात फिरतो, लहान चित्रासाठी केवळ मनगट आणि बोटे. काळ्या केलेल्या काचेवर क्ले सुईने ओरखडे काढीत, तेव्हा जेथे काळेपणा निघे तेथेच प्रकाशाची रेषा उमटे, आणि बोटांचा थोडासा कंपही लपवता येत नसे. पाहणाऱ्यालाही असे चित्र जवळ ओढते. भव्य चित्रासमोर चारजण मागे सरून उभे राहतात, लहान चित्रावर एकच माणूस वाकू शकतो.

येथवर पाहता हे सुख ‘स्वान्तःसुखाय’, म्हणजे केवळ स्वतःच्या अंतःकरणासाठी, आहे असे वाटते. पण क्ले यांची सूची या निष्कर्षाला छेद देते. १९११ पासून त्यांनी आपल्या कामांची वर्ष, क्रमांक, शीर्षक आणि माध्यम यांसह नोंद ठेवली आणि बालपणीची निवडक चित्रेही तिच्यात घेतली. ज्याला केवळ स्वतःपुरते सुख हवे, तो चित्रांना क्रमांक कशाला देईल? म्हणून घरगुती रेखाटनाचा एकांत प्रेक्षकाला नाकारत नाही, त्याला थोडे थांबायला सांगतो, असे मानणेच योग्य ठरते. तो प्रेक्षक दूर देशीही भेटतो: नागपूरला जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या सुरुवातीच्या चित्रांवर क्ले यांचा प्रभाव स्पष्ट आहे.

विरंगुळा वेळ घालवण्यासाठी असतो. येथे तर वेळ अपुरा पडत होता. गंभीर आजाराने ग्रासलेले क्ले बर्नमधील आपल्या घरात काम करीत राहिले, आणि १९३९ या एकाच वर्षी त्या सूचीत बाराशेहून अधिक नोंदी झाल्या.