कावळा आणि समिती

दहाव्याला पिंड मांडले जातात आणि माणसं लांब उभी राहून कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवेना की थोरला भाऊ पुढे होऊन मोठ्याने सांगतो, 'पोरींची लग्नं आम्ही करू, काळजी करू नको.' श्रद्धा बाजूला ठेवली तरी यातलं शहाणपण उरतंच. गेलेल्याच्या मनात काय राहिलं, हे चारचौघांत विचारलं जातं आणि त्याचं ओझं कुणीतरी उघडपणे उचलतं.

यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याने जीव दिला की असाच प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समितीही विचारते. २३ जानेवारी २००६च्या शासन निर्णयाने शेतकरी आत्महत्येच्या 'पात्र' प्रकरणात वारसांना १ लाख रुपये ठरवले. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. त्यासाठी नापिकी, थकीत कर्ज, वसुलीचा तगादा हे सगळं कागदावर दिसलं पाहिजे. कर्जही बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं. सोयऱ्याकडून घेतलेले हातउसने पैसे आणि कृषी केंद्रातली उधारी यात बसत नाही. गावात कुणी 'विष घेतलं' म्हणत नाही, 'औषध घेतलं' म्हणतात. कपाशीवर मारायचं तेच औषध. त्या औषधाची उधारीसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही. तेव्हा तेरवीच्या आतच सातबारा आणि थकबाकीचा दाखला शोधायचा, पंचनाम्याला उत्तरं द्यायची. रडायला सवड नसते.

सरकारी पैशाला निकष लागणार, हे कबूल. मला खुपतो तो 'अपात्र' हा शब्द. आत्महत्येनंतर मागे राहिलेलीचा पिच्छा एकच प्रश्न पुरवतो: का? आदल्या रात्री मी बोलले ते लागलं असेल का? जागी राहिले असते तर? याचं पक्कं उत्तर सहसा मिळत नाही, आणि त्या न मिळण्यासोबत जगायला शिकणं हाच या शोकाचा अवघड भाग. इथे मात्र उत्तर सही-शिक्क्यानिशी घरी येतं. शेतीमुळे नाही मेला, तर मग कशामुळे? पारावर उरलेली कारणं दोनच असतात: दारू नाहीतर बायको. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने समाज ज्याला मान्यता देत नाही अशा शोकावर १९८९ साली एक पुस्तक संपादित केलं. आपल्याकडे ही अमान्यता जावक क्रमांकासह मिळते.

आणि औषध बाईने घेतलं तर? ती उभा जन्म निंदणी-वेचणी करत असली तरी सातबाऱ्यावर नाव नसलं की नोंदीत ती गृहिणीच.

जानेवारी २०१९मध्ये यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांच्या हस्ते झालं. लेखिका नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्यावर झालेल्या गदारोळात येडे यांना बोलावलं गेलं, हे विसरू नये. गोड मानून घ्यावं असा तो सन्मान नव्हता. पण त्याआधीपासून त्या 'तेरवं' या नाटकात काम करत होत्या. शेतकऱ्यांच्या विधवाच त्यात आपली गोष्ट सांगतात. समितीपुढे बाईला नवऱ्याच्या मरणाचं कारण सिद्ध करावं लागतं. रंगमंचावर तिला आपल्या जगण्याबद्दल बोलता येतं, आणि तेही दहाव्यासारखंच, मोठ्याने, माणसांसमोर.

याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यात, पवनारजवळच्या दत्तपूरला आत्महत्या केली. राज्यातली नोंद झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती सांगितली जाते. २०१७पासून या तारखेला अनेक जण एक दिवस अन्नत्याग करतात. मीही करतो. पण दरवर्षी त्या दिवशीची एक बातमी वाचताना अडखळतो: 'शेतकऱ्याची कुटुंबासह आत्महत्या.' पत्नी मालती आणि चार मुलं. मुलांनी आत्महत्या केली नव्हती. ती त्या 'सह'मध्ये आहेत.