संदर्भसूचीत आजी का नाही?

‘आमच्या मुलांना वाङ्मयचौर्य म्हणजे काय हे कळतच नाही,’ असं प्राध्यापकांच्या चर्चासत्रात कुणीतरी हमखास म्हणतं. रोख बहुधा ग्रामीण, आदिवासी मुलांवर असतो. त्यांची संस्कृती मौखिक, गाणं-गोष्ट सगळ्यांची. मग दुसऱ्याचा मजकूर उचलण्यात गैर काय, हे त्यांना कसं उमगावं? वरवर पाहता हे सहानुभूतीचं बोलणं. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवल्यावर मला मात्र ते पटेनासं झालं आहे.

मुळात हा विचार आला बाहेरून. इंग्रजीत शिकवणाऱ्या विद्यापीठांत आशियाई मुलांच्या निबंधांतून पुस्तकातले परिच्छेदच्या परिच्छेद सापडू लागले, तेव्हा आधी त्याला सरळ लबाडी म्हटलं गेलं. 1996 मध्ये ॲलिस्टर पेनिकुक या भाषाअभ्यासकाने हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांशी बोलून एक गाजलेला लेख लिहिला. शब्दांवर व्यक्तीची मालकी असते ही समजूत पाश्चात्त्य आधुनिकतेत घडली आहे, पाठांतराला मान देणाऱ्या परंपरेतल्या मुलाला चोर ठरवण्याआधी जरा थांबा, असं त्याचं म्हणणं. मुद्दा मोलाचा होता. पण हातोहाती फिरता फिरता त्याचं ‘आशियाई मुलं नक्कल करणारच, संस्कृतीच तशी’ असं होऊन बसलं. 2005 मध्ये मूळचे चीनचे असलेले दिलिन ल्यू यांनी त्याला उत्तर दिलं. दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून खपवणं चीनमध्येही निंद्यच मानतात, संस्कृतीवर सगळं ढकलू नका, असं त्यांनी बजावलं.

आपल्याला तर पुराव्यासाठी चीनपर्यंत जायलाच नको. तुकोबांच्या हयातीत सालोमालो नावाचे हरिदास त्यांचे अभंग स्वतःच्या नावाची मुद्रिका घालून कीर्तनात म्हणत, असं परंपरा सांगते. त्यावर तुकोबांनी केलेले संतापाचे अभंग गाथेत आहेत. त्याआधी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या एकनाथांनी तीत कुणी पदरची ओवी घुसडू नये, असा कडक इशारा देऊन ठेवला. कॉपीराइटचा कायदा कुणाच्या स्वप्नातही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट.

अर्थात सगळं इतकं सरळही नाही. नामदेवांच्या गाथेत नेमका उलटा प्रकार दिसतो. विष्णुदास नामासारख्या नंतरच्या कवींच्या रचना ‘नामा’ या नावाखाली अशा मिसळल्या, की त्या वेगळ्या काढताना अभ्यासकांची दमछाक होते. त्याला चोरी कुणी म्हणत नाही. मराठी रंगभूमी तर रूपांतरांवर पोसली. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून आलं आणि मर्फीच्या मागे मोलिएर उभा होता. घेणं आपल्याकडे कधीच निषिद्ध नव्हतं. प्रश्न असायचा तो कुणाकडून घेतलं हे सांगण्याचा.

मग आमची मुलं प्रकल्पाची फाइल का उतरवतात? मला तरी याचं उत्तर पाड्यापेक्षा शाळेत सापडतं. आश्रमशाळेत काय किंवा गावच्या हायस्कुलात काय, फळ्यावरचं जसंच्या तसं वहीत उतरवणारा मुलगा हुशार. गाईडमधलं उत्तर शब्द न चुकता लिहिलं की पैकीच्या पैकी. बारा वर्षं ही शाबासकी घेऊन मूल कॉलेजात येतं आणि फाउंडेशन कोर्सचा प्रकल्प समोर ठेवून आपण फर्मावतो, ‘स्वतःच्या शब्दांत लिहा.’ कसं लिहायचं हे शिकवणारा तास वेळापत्रकात नसतो. झेरॉक्सच्या दुकानात मात्र स्पायरल बाइंडिंगसकट सगळं तयार मिळतं. डोळखांबकडच्या पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीच्या ध्वनिप्रदूषणावरच्या प्रकल्पात ‘आपल्या शहरातील सिग्नलवर’ असं वाक्य होतं. माहुली किल्ल्यावरच्या फायलींत तर शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा एका बॅचकडून दुसरीकडे वारसाहक्काने येतात. ही चोरी म्हणावी, तर माल कुणाचा हे चोरालाही ठाऊक नसतं आणि दुकानदारालाही.

याहून मला जास्त छळतो तो दुसरा प्रकार. मुरबाडच्या एका मुलाने रानभाज्यांवर प्रकल्प केला होता. शेवळं, कोरल, भारंगी, लोत यांची नावं, इंटरनेटवरचे फोटो, ‘अमॉर्फोफॅलस कम्युटेटस’ हे शेवळ्याचं शास्त्रीय नाव, आणि शेवटी संदर्भ म्हणून दोन संकेतस्थळं. सगळं गुळगुळीत. मधेच एक ओळ वेगळी लागली: शेवळं काकडाची फळं घालूनच शिजवायची, नाहीतर घसा खवखवतो, आणि कोंब खुडताना कंद हलवायचा नाही. तोंडी परीक्षेत मी विचारलं, ‘हे कुठल्या साइटवर मिळालं?’

‘हे आजीने सांगितलं, सर. ती जुड्या घेऊन कल्याणला बसते.’

‘मग संदर्भात आजी कुठाय?’

तो हसला. ‘आजीचं कसं लिहिणार, सर? ती शाळेत नाही गेलेली.’

अख्ख्या फाइलमध्ये त्याच्या स्वतःच्या कष्टाची तेवढीच माहिती, आणि तिचाच धनी त्याने झाकून टाकला. याच मुलांना घरी स्रोत पक्का माहीत असतो. ही लग्नातल्या गाण्याची चाल आत्याची, हे झाडपाल्याचं औषध अमक्या पाड्यावरच्या भगताचं, ते कुणाला सांगायचं नि कुणाला नाही, याचेही दंडक असतात. मालकीची कल्पना नाही कशी? छापलेल्या कागदापुढे आपल्या माणसाचं नाव घेण्याची लाज वाटते, आणि ही लाज आपणच शिकवली आहे.

नियमांचं म्हणाल तर विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018 ची नियमावली आहे. प्रबंधात साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, 40 पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, 60 पर्यंत असेल तर वर्षभर सादर करायला बंदी आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य साम्य मोजायचं नाही, इतका बारीक हिशेब त्यात आहे. पण वर्गातले प्रकल्प आणि निबंध या नियमावलीतून वगळले आहेत. म्हणजे सवय जिथे लागते तिथे नियम पोचतच नाही. आणि सॉफ्टवेअर ताडून पाहणार ते आधी कुठेतरी टंकलेल्या मजकुराशी. शहरातून आलेल्या संशोधकाने पाड्यावर बसून आठ दिवस माहिती घ्यावी आणि प्रबंधात ‘एका स्थानिक महिलेच्या सांगण्यानुसार’ एवढंच लिहावं, यावर कुठलंही यंत्र लाल रेघ ओढणार नाही. त्या बाईचे शब्द कुठल्याच साठ्यात नाहीत. हल्ली एआयकडून लिहून घेतलं की उरलीसुरली रेघही पुसली जाते. विद्यापीठांपेक्षा 2002 चा जैवविविधता कायदा याबाबतीत शहाणा म्हणायचा. त्याखालच्या लोक जैवविविधता नोंदवहीच्या नमुन्यात गावच्या जाणकारांची नावं लिहायला निदान जागा तरी आहे.

म्हणून माझी प्राध्यापक मित्रांना विनंती आहे. यंदा प्रकल्पाच्या सूचना लावाल तेव्हा एक ओळ वाढवा: माहिती ज्यांनी सांगितली त्यांना विचारून त्यांचं नाव, गाव आणि तारीख संदर्भसूचीत लिहावी. आणि त्या ओळीला गुण ठेवा. पाच ठेवलेत तरी चालतील.