परवानगी कुणाला विचारून दिलीत?

वह्या मिटा आणि माझ्याकडे बघा. आज धडा पुढे जाणार नाही.

तुमच्यातल्या एकाने ‘नुसतं बघू तरी’ म्हणून कर्ज देणारं ॲप फोनमध्ये घेतलं. प्ले स्टोअरवरून नाही, ग्रुपवर आलेल्या लिंकवरून. कॉन्टॅक्ट्स बघू का, असं त्या ॲपने विचारलं आणि ह्याने न वाचता ‘अलाऊ’ दाबलं. आता गोऱ्ह्याला राहणाऱ्या मावशीला कुणीतरी परके लोक फोन करून नाही नाही ते बोलताहेत. त्या बाईने कधी कुणाकडून दहा रुपये उसने घेतले नाहीत. भाच्याला नंबर दिला, एवढाच तिचा अपराध.

‘माझा फोन, माझी मर्जी’ हे मला पुन्हा ऐकवू नका. फोन तुझा असेल, त्यातली माणसं तुझ्या मालकीची नाहीत. त्यांचे नंबर तुझ्याकडे विश्वासाने आले होते. ते दुसऱ्याच्या हवाली करताना एकाला तरी विचारलंस?

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्येच अशा ॲपना बजावलं आहे की कर्जदाराच्या कॉन्टॅक्ट लिस्टला, कॉल लॉगला, फाइलींना हात लावायचा नाही. गूगलनेही मे 2023 अखेरीपासून प्ले स्टोअरवरच्या कर्ज ॲपना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो बंद केले. कुंपण होतं, तू आपल्या पायाने त्याच्या बाहेर गेलास. आणि अंगाशी आल्यावर आठवडाभर तोंड शिवून बसलास. घाबरलास, हे मला समजतं. पण त्याच दिवशी घरी सांगायचं होतं, 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायची होती. तू गप्प राहिलास आणि शिव्या मावशीने खाल्ल्या.

आणि एनडीएची तयारी करणाऱ्यांनो, तुम्ही मागच्या बाकावर खुसखुसू नका. पहाटे धरणाच्या रस्त्याला पळता, त्याचं मला कौतुक आहे. पण पळून आलात की पळण्याच्या ॲपमधला नकाशा जगजाहीर करता. त्यावरची तुमच्या वाटेची रेघ तुमच्या दारातून निघते आणि दारातच येऊन थांबते. तुम्ही किती वाजता, कुठल्या अंधाऱ्या वळणावर एकटे असता, हे कुणाही अनोळखी माणसाला घरबसल्या कळतं. मुलींनो, हे तुम्हालाही सांगतेय.

जानेवारी 2018 मध्ये स्ट्राव्हा या अशाच ॲपच्या नकाशावर अफगाणिस्तानातले आणि सीरियातले लष्करी तळ उजळून दिसले होते. तिथले जवान व्यायाम करताना तेच ॲप चालू ठेवत होते. शत्रूला हेर पाठवायची गरजच उरली नाही. जुलै 2020 मध्ये आपल्या लष्कराने जवानांना 89 ॲप फोनमधून काढायला सांगितली, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. ज्या गणवेशासाठी घाम गाळताय त्याची शिस्त ही आहे. ती भरती झाल्यावर शिकू म्हणाल, तर तोवर तुमची सगळी कुंडली बाहेर गेलेली असेल.

आणखी एक. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल असं म्हटलं आहे. तुम्ही मात्र ॲपमध्ये खोटं जन्मसाल टाकता. तुमच्यासाठी केलेलं संरक्षण तुम्हीच फेकून देता आणि वर त्याची बढाई मारता!

उद्याचा अभ्यास लिहून घ्या. आज रात्री फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानग्यांचं पान उघडायचं. कॉन्टॅक्ट्स, लोकेशन, मायक्रोफोन, कॅमेरा यांतलं काय काय कुठल्या ॲपला दिलंय, ते वहीत उतरवायचं. प्रत्येकापुढे कारण लिहायचं. कारण सुचलं नाही तर परवानगी तिथल्या तिथे बंद. पळण्याच्या ॲपमधला नकाशा खासगी करायचा. ग्रुपवरच्या लिंकवरून घेतलेलं प्रत्येक ॲप काढून टाकायचं. वहीवर आईची किंवा वडिलांची सही हवी, आणि सही घेताना त्यांना सगळं समजावून सांगायचं.

आणि तू, संध्याकाळी गोऱ्ह्याला जा. मावशीसमोर बसून तिची माफी माग, तिला ज्यांवरून फोन आले ते सगळे नंबर टिपून घे आणि उद्या शाळा सुटल्यावर वडिलांना घेऊन ये. आपण तिघं पोलिसांकडे जाऊ.